झुलाल आबांनी लिहिलेली किंमत

झुलाल आबा माझ्या माहेरच्या, धुळ्याच्या गल्लीतले. चाळीस वर्षं त्यांनी तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात काट्यावर काढली. लोक जुनी भांडी मोडीत आणून टाकत, आबा तोलून घेत. एखाद्या फुटक्या घागरीत, हंड्यात जुनी नाणी निघत. ती वितळायला जाण्याआधी आबा बाजूला काढून न्याहाळत. त्यातूनच त्यांना नाण्यांची नजर आली. शिक्षण सातवी.

निवृत्तीनंतर ते दर दुसऱ्या रविवारी एसटीने जळगावला यायचे. इथे लीलाधरशेठ एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचा लिलाव भरवतात. आबांचं टेबल खिडकीपाशी. नाणं हातात घेतलं की आधी उजेडात तिरकं धरायचे, मग कडेवरून अंगठा फिरवायचे, भिंग सगळ्यात शेवटी. कोणी चपट्या बाजूने नाणं धरलं की म्हणायचे, कडेनं धरा, घाम लागतो. मग एका चिठ्ठीवर दर्जा आणि बोलीची सुरुवातीची किंमत लिहायचे. त्यांचे दर्जे चारच : चांगलं, बरं, झिजलेलं, घासलेलं. सुरतेहून, नाशकाहून आलेले व्यापारी नाण्याआधी आबांची चिठ्ठी बघत.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या मुलीच्या, वृषालीच्या प्रवेशाच्या वेळी. तिचं फिजिओथेरपीला नाव लागलं होतं आणि हॉस्टेलचे पैसे भरायला नऊ दिवस उरले होते. सासूबाईंच्या देवघरात एक शिवराई होती, शिवकाळातलं तांब्याचं नाणं. मोबाईलवर कोणीतरी सांगत होतं की अशा नाण्याला लाखात किंमत येते. मी बी.कॉम. झालेली बाई, तरी ते मला खरं वाटलं. वाटून घ्यायचंच होतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवघरातलं सगळं तांबं चिंच आणि राखेने घासतात. ताम्हण, पळी आणि त्यांच्याबरोबर ते नाणंही. सासूबाईंनी आयुष्यभर घासलं, त्यांच्यानंतर मी. लिलावाच्या आदल्या दिवशी मी ते पुन्हा घासलं. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हणून तिला सजवावं, तसं. सोन्यासारखं चकाकत होतं.

आबांनी ते तिरकं धरलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "नाणं खरं शे, पोरी. जुनं शे. पन त्यानी कातडी काढी टाकी तुम्ही."

त्यांनी समजावून सांगितलं. तांब्यावर शेकडो वर्षांनी जो काळपट तपकिरी थर येतो, तीच त्याची किंमत. अक्षरांच्या कडा गेल्या होत्या, कडेचे ठिपके पुसले गेले होते. न घासलेलं असतं तर वीस हजारांना हसत गेलं असतं. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं : घासलेलं, पंधराशे.

मी म्हटलं, आबा, माहेरच्या मुलीसाठी एवढं करा, नुसतं 'बरं' लिहा. ते म्हणाले, "खोटं मी लिखत नही."

तेव्हा मी भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किंमत पाडायचे शेठ तुम्हाला किती देतात, आबा?"

माणसं वळून बघायला लागली. आबांनी पेनाला टोपण लावलं. "दुसराले दखाड," दुसऱ्याला दाखव, एवढंच म्हणाले. चिठ्ठी मी तिथेच फाडली.

शेठना हे बरंच झालं. आबा किंमत कमी लिहीत, त्यामुळे शेठचं कमिशन कमी सुटे. लोकांचा विश्वास राहिला नाही, असं म्हणून त्यांनी आबांना पुढच्या वेळेपासून यायला नको सांगितलं. माझं नाणं स्वतःकडे आठवडाभर ठेवून घेतलं. परत पाहिलं तेव्हा ते काळंभोर झालं होतं. काय लावलं ते मी विचारलं नाही. जादा लिलाव ठेवून त्यांनी ते 'चांगलं' म्हणून नाणी जमवणाऱ्या चोपड्याच्या प्रेमराज गुरुजींना अठरा हजारांना विकलं. हॉस्टेलचे पैसे शेवटच्या दिवशी भरले गेले.

दोन महिन्यांनी गुरुजींना शंका आली. ते नाणं घेऊन थेट धुळ्याला आबांकडे गेले. आबांनी ओल्या फडक्याने कड पुसली, फडकं काळं झालं. गुरुजी आबांना घेऊनच शेठच्या ऑफिसात आले. शेठनी मलाही बोलावलं.

नाणं टेबलावर होतं. आबांनी ते ओळखलं होतं, हे मला त्यांच्याकडे बघताच कळलं. मी खरं बोलले असते तर त्यांचं टेबल त्यांना परत मिळालं असतं. आणि मला अठरा हजार परत करावे लागले असते. ते कधीच खर्च झाले होते.

शेठ गुरुजींना म्हणाले, देवघरातल्या नाण्यावर काजळी बसते, फडकं काळं होणारच. मग त्यांनी मला विचारलं, "ताई, घरातून असंच काळं आणलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

आबा माझ्याकडे वळले. "मनी चिठ्ठी कोठे शे?"

"कसली चिठ्ठी?" मी म्हटलं.

गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. शिकलेली बाई आणि मोडीवाला म्हातारा. "डोळे तपासून घ्या आबा, वय झालं," ते हसून म्हणाले आणि नाणं खिशात घालून निघून गेले. शेठनी चहा मागवला. आबा तो न घेताच धुळ्याच्या गाडीला गेले.

वृषाली आता दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर सांगते, मार्क चांगले आहेत. हे सगळं तिला माहीत नाही, आणि कधी कळेल या भीतीत मी असते.

परवा आखाजीला माहेरी गेले. आबा त्यांच्या ओट्यावर बसलेले होते. शेजारच्या भागाबाई नांगरताना सापडलेला एक पैसा त्यांना दाखवत होत्या. मातीने माखलेला, कोणी हात न लावलेला. आबांनी हात पुढे केला नाही.

"माले आता नही समजत," ते म्हणाले. "शेठले इचार."

भागाबाई म्हणत होत्या, आबा, नुसतं बघा तरी. त्यांनी मान फिरवली. मी चपलांचा आवाज न करता पुढे निघून गेले.