दाजींची एकट्याची बुडी

लातुरात पाण्यावाचून हाल होतील ही धास्ती सगळ्यांनाच असते. पाण्याखाली आपल्याला काही झालं तर काय, याची जय्यत तयारी करून बसलेला माणूस मात्र साऱ्या जिल्ह्यात एकच, आणि तो माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींचं मोटारपंपांचं दुकान आहे. ज्या गावात नळ येण्याचा वार तोंडपाठ ठेवावा लागतो, त्या गावात या गृहस्थाच्या माळ्यावर रबरी पोशाख, बदकाच्या पायांसारखी रुंद पायताणं आणि हवेचे सिलिंडर आहेत. कधीतरी कोकणात सहलीला गेले आणि समुद्राखाली उतरून आले. बाकीच्यांनी येताना काजू आणले, दाजींनी हे वेड आणलं. पुढं ते रीतसर शिकले. जोडीदाराशिवाय पाण्याखाली जायचं नाही, असं शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. दाजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि जोडीदाराच्या जागी एक जादा सिलिंडर घेतला. मला म्हणाले, "साडूभाऊ, जोडीदार खाली गेल्यावर घाबरला, तर त्याला सांभाळू का सोताला? सिलिंडर घाबरत न्हाई."

कुठलीही वस्तू ऐन वेळी दगा देणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. म्हणून सगळं दोन दोन. पाण्यात उतरताना पाठीवर मोठा सिलिंडर, बगलेला छोटा, त्याची नळी वेगळी, तोंडात धरायचा तुकडा वेगळा. दोन चाकू, दोन चष्मे, दोन बॅटऱ्या, आणि त्या दोन्ही गेल्या तर म्हणून तिसरी. जमिनीवरही तेच. स्वतःच्या लग्नात त्यांनी पिशवीत एक जादा हार आणला होता. हार तुटला तर खोळंबा नको. एसटीत बसले की संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा खरंच उघडतो का, हे आधी बघणार. एकदा किल्लारीच्या गाडीत तो उघडला आणि मग लागेचना. औशापर्यंत कंडक्टर तो दरवाजा धरून उभा. दाजी शांतपणे त्याला म्हणाले, "आता उघडतो हे तर कळलं ना."

सरावाला तळं नाही म्हणून ते घरातल्या हौदातच बसत. एकदा नळ आला नव्हता, शेजारच्या काकू हंडा घेऊन आल्या आणि त्यांनी हौदाचं झाकण सरकवलं. आत काळ्या पाण्यात काचेमागचे दोन डोळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. काकूंना दोन दिवस ताप होता. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, तोंड लपवत त्यांच्याकडे माफी मागायला गेली आणि दाजी म्हणाले, "मी त्यांना हात करून सगळं ठीक हाय म्हणून खूण केली होती की."

पण त्यांच्या एका सवयीनं मला हसू यायचं नाही. पाण्यात उतरण्याआधी जोडीदार एकमेकांचं सामान तपासतात. दाजींना जोडीदार नव्हता, म्हणून ते स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "हवा?" "हाय." "पट्टे?" "हायेत." "चाकू?" "हाय." प्रश्न त्यांच्या नेहमीच्या आवाजात असायचा. उत्तर जरा जाड, जरा वडीलधाऱ्या आवाजात यायचं. अक्काला मी हे एकदा बोललो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं मलाच तसं ऐकू येतंय."

दाजी बुडी घ्यायचे ती जागा त्यांच्या जुन्या गावात होती. किल्लारीच्या बाजूचं गाव. भूकंपात ते सगळं पडलं आणि वस्ती दूर माळावर नव्यानं बांधली गेली, सरळ रांगांत. जुन्या जागी आता बाभळी आहेत, दगडांचे ढीग आहेत, आणि मधूनच एखादा उंबरा, ज्याच्या आत काही नाही. गावाची पायऱ्यांची बारव तेवढी शाबूत राहिली. भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, पण त्या पाण्याला कुणी कळशी लावत नाही. दाजी तिथं वर्षानुवर्षं एकटेच जात. शेवटी अक्कानं मला गाठलं. "तुम्ही काही करू नका, काठावर बसा. मला घरी बसवत न्हाई." दाजी कुरकुरले, पण मला गाडीत घेतलं. बारवेवर पोचल्यावर कमरेच्या दोरीचं दुसरं टोक काठावरच्या लिंबाला बांधत म्हणाले, "दोरीला हात लावायचा न्हाई. तुम्ही इथं न्हाईत असं धरूनच मी खाली चाललो."

दुपार होती. दाजी पायऱ्या उतरले, त्यांचं ते प्रश्नोत्तर बारवेच्या भिंतींतून घुमून वर आलं आणि मग पाणी मिटलं. मी बुडबुड्यांकडे बघत बसलो. हिरव्या पाण्यावर एक ओळ उमटत होती, थांबत होती, परत उमटत होती. दाजी श्वास सोडत असतील तशी. बघता बघता माझ्या लक्षात आलं की ओळी दोन आहेत. एक दोरीजवळ. दुसरी तिच्या जरा पुढं. मला वाटलं, जमिनीतून वायू येत असेल, अशा जागी येतो म्हणतात. पण दोरीजवळची ओळ सरकायला लागली की पुढची आधीच सरकलेली असायची. वळण आलं की ती आधी वळायची आणि मागची येईपर्यंत थांबायची. मी दोन पायऱ्या खाली उतरून परत मोजल्या, ओळी दोनच.

दाजी वर आले. मी विचारलं, "तुमचा छोटा सिलिंडर गळतोय का?" त्यांनी काटा बघितला. सिलिंडर भरलेला होता. "का?" मी बघितलेलं सांगितलं. ते पायरीवर बसले. चष्म्यातलं पाणी ओतून टाकायचंही त्यांना सुचलं नाही.

"नीट बघितलंत?"

"हो."

"पुढं होती?"

"पुढंच."

हातातला चष्मा मांडीवर ठेवून ते बोलायला लागले. "मला इथंच पवायला शिकवलं माझ्या थोरल्या भावानं. पाठीला डबा बांधून. तो कायम पुढं. मी हात मारायचो आणि त्याचे पाय बघायचो. भूकंप झाला तवा मी गणपती बुडवायला आजोळी गेलो होतो उदगीरला, मागं लागून गेलो होतो. तो म्हणला, जा, मी थांबतो घरी." मग म्हणाले, "खाली कुणीतरी पुढं चाललंय असं मला पहिल्यापासून वाटतं. पण माझं वाटणं काय धरायचं? वरून बघणारं कुणी नव्हतं ना आजपर्यंत."

पुढच्या खेपेला त्यांनी मला स्वतःहून बोलावलं. सगळी तयारी नेहमीसारखी केली, दोन दोनदा तपासली. पण तपासताना फक्त विचारलं. उत्तरं दिली नाहीत, प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबले. पाय पाण्यात सोडून बसले ते बसूनच राहिले. मी काठावरून हाक मारली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"न्हाई जात," ते म्हणाले. "एकट्यानं उतरायची समदी तयारी हाय माझ्याकडं. खाली कुणी असलं तर काय करायचं, त्याची न्हाई."

"भीती वाटते का?"

"त्याची न्हाई वाटत. वर यावंच वाटलं न्हाई तर, ह्याची वाटते."

मग त्यांनी मला पट्टे सोडायला सांगितलं. आजवर त्यांनी त्या सामानाला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. माझ्याकडून बकलं लवकर सुटेनात. दाजी दोन्ही हात बाजूला धरून, शाळेतून आलेल्या पोरासारखे, गुमान उभे राहिले.

परतताना गाडी मी चालवली. दाजींना मी कधी प्रवासात झोपलेलं पाहिलं नव्हतं. ते रस्त्यावर नजर ठेवून बसायचे, कुणीही चालवत असलं तरी. त्या दिवशी शेजारच्या सीटवर मान टाकून गाढ झोपले. औशाच्या अलीकडं एकदम म्हशी आडव्या आल्या आणि मी करकचून ब्रेक दाबला. दाजींचा हात झटकन आडवा आला आणि माझ्या छातीवर येऊन थांबला, लहान भाऊ पुढं आपटू नये म्हणून थोरला धरतो तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते, श्वास संथ चालला होता. म्हशी निघून गेल्या, मागून एक जीप हॉर्न वाजवायला लागली. मी गाडी हळूच पुढं काढली आणि तो हात तसाच राहू दिला.