सिलिंडरची चावी

एकोणीसशे सत्तावनच्या मार्चमध्ये माझी पोस्टिंग वर्ध्याबाहेरच्या एका लहान लष्करी रुग्णालयात झाली. मी नर्सिंग हवालदार होतो. बायको गावी, मी बरॅकमध्ये. आजच्यासारखं आय.सी.यू. तेव्हा नव्हतं. जिवाला धोका असलेल्या रुग्णांची डी.आय. लिस्ट असे आणि त्यांच्यासाठी वॉर्डाच्या टोकाला चार खाटांची खोली. नवे डॉक्टर आधी सहा आठवडे त्या खोलीत काढत. त्यांना तयार करणं कागदावर मेजरसाहेबांचं काम होतं. प्रत्यक्षात ते मी करत असे.

हवालदाराने अफसरला शिकवायचं, पण शिकवतोय असं दिसू द्यायचं नाही. "सर, चार्टच्या आधी नखांचा रंग बघितला तर बरं पडतं," असं मी हळूच म्हणायचो. श्वास मोजणं, कूस बदलणं, घशातला कफ ओढणं, सगळं त्यांच्याकडून करून घेतलं. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र मीच उघडत असे. अफसरने पाना हातात धरायचा नाही, असा रिवाज होता. हा पाना म्हणजेच सिलिंडरची चावी, ती नियमाप्रमाणे खिळ्यावर टांगायची. मी ती खिशात ठेवायचो. डॉक्टरांना मला हाक मारावी लागे, ते मला आवडायचं.

लेफ्टनंट बर्वे एप्रिलमध्ये आले. एकदा म्हणाले, "हवालदार, आज मला उघडू द्या."

"सर, त्यासाठी आम्ही आहोत."

"तुम्ही नसलात तर?"

"मी असतोच, सर."

मे महिन्यात शिपाई नामदेव दाखल झाला. आष्टीकडचा, वय बावीस, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. चौथ्या दिवशी तो बोलू लागला. "हवालदारसाहेब, हा नाकातला पाइप काढा ना जी. बैलाले वेसण घातल्यावानी वाटते."

बर्वे म्हणाले, "बैलाला निदान कडबा मिळतो. तुला पेजच."

"मंग बैलच करा मले."

त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी सिलिंडरचा काटा पाहिला. चारपर्यंत पुरेल असा हिशेब केला. भरलेलं दुसरं सिलिंडर शेजारी उभं होतं. तासाभराची परवानगी घेऊन मी सायकलवर नालवाडीला गेलो. बायकोला आणायचं म्हणून भाड्याची खोली बघायची होती. खोली दहा मिनिटांत बघून झाली. घरमालकांनी चहाला बसवलं. आत बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी कोणालातरी रागावत होतं. किती महिन्यांनी मी कोणाच्या घरात बसलो होतो. उठवेना.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी परतलो. नामदेवच्या तोंडावर चादर होती.

तीनच्या सुमाराला त्याचा श्वास बिघडला. बर्व्यांनी ऑक्सिजन वाढवला. मी शिकवलं होतं तसंच. त्यामुळे सिलिंडर लवकर संपलं. दुसरं उघडायला चावी खिळ्यावर नव्हती. त्यांनी आधी पकडीने, मग नुसत्या हाताने प्रयत्न केला. ऑर्डर्लीला मोटारींच्या शेडकडे पिटाळलं. तो पाना घेऊन आला तेव्हा तीन पस्तीस झाले होते. मृत्यूची वेळ तीन पंचवीस. बर्व्यांचे दोन्ही तळवे सोलले होते.

"चावी?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून काढून खिळ्यावर टांगली.

दोन दिवसांनी चौकशी झाली. मेजरसाहेबांनी विचारलं, "हवालदार, चावी कुठे होती?"

"खिळ्यावर, सर."

"बर्वे?"

बर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सर, मला खिळ्यावर दिसली नाही."

तरुण डॉक्टर गोंधळला, असं अहवालात आलं. आठवड्यात त्यांची बदली झाली. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "पुढच्यांना उघडायला शिकवा." मी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक डॉक्टरला डोळे मिटून सिलिंडर बदलता येत असे. का, ते मी कोणाला सांगितलं नाही. बर्व्यांना पत्र लिहायला घेतलं, पुरं केलं नाही. नालवाडीची खोलीही घेतली नाही.

नामदेव लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या शिळेवर नाही. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले होते. सामानाची ट्रंक मीच त्यांच्या हवाली केली.

"लेकरानं जाताना काई मांगतलं का जी?"

"नाही, बाबा. शांत गेला."

"तुमी होते ना जवळ?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.