कणग्याआडची जागा

रानशेतच्या पाड्यावर सोमीच्या झोपडीतली सगळ्यात उबदार जागा कित्येक वर्षं रिकामी होती. आगटीच्या पलीकडे, भाताच्या कणग्याच्या आडोशाला दाराचं वारं पोचत नसे. तिथे एक गुंडाळलेली घोंगडी ऐसपैस पडून असायची आणि घरधनीण दाराशी कुडकुडत निजायची. ती सुक्याची जागा. सुक्या म्हणजे सोमीचा नवरा.

पन्नास सालानंतरच्या एका हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, तो धाकट्या डहाणूच्या खाडीतून लाकडं नेणाऱ्या गलबतावर हमालीला गेला. जाताना म्हणाला, "आगटी विझू देऊ नको. हीव सरायच्या आत येतो." गलबत परत आलं. त्यावरचा तांडेल म्हणाला, सुक्या मुंबईला धक्क्यावर उतरला, दुसऱ्या कुणाचा तरी माल उचलायला. पुढचं विचारलं तर त्याने कानांवर हात ठेवले.

सोमीने आगटी खरंच विझू दिली नाही. ऐनाचा जाड ओंडका एका टोकाला पेटता ठेवायचा, जळेल तसा पुढे सरकवायचा. भडका उठू द्यायचा नाही, वर गवताचं छप्पर आहे. निजताना निखाऱ्यांवर राख ओढायची. कुडाची भिंत वरपर्यंत सारवायची नाही. वळचणीखाली फट ठेवायची, धुराला तीच वाट. एवढ्यात सगळा हिवाळा निघायचा. पाड्यावरच्या बाया सकाळी तिच्याकडूनच विस्तव नेत आणि नेता नेता जिभेला सैल सोडत. शेजारची तुळशी तर दरवर्षी म्हणायची, "सुक्याचे दिवस घाल गो आता. गेला तो." असं बोलणारीच्या खापरावर त्या दिवशी लहानातला लहान निखारा पडायचा.

त्याची जागा कुणाला दिली की तो मेला, असं सोमीने मनाशी धरलं होतं. तो जिवंत होता कारण घोंगडी तिथे होती. रोज संध्याकाळी ती घोंगडी झटकायची आणि पुन्हा तशीच ठेवायची. वेडेपणाच तो, पण त्या वेडेपणावर बाई इतकी वर्षं उभी होती.

मग तिची लेक भिकी तलासरीच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली. बाप गेला तेव्हा ती जेमतेम शेळ्यांमागे जाण्याएवढी होती. ऐन पौषात तिला मुलगा झाला. त्या साली हीवही असं पडलं, की सकाळी दहिवराने अंगण ओलं व्हायचं.

"आये," भिकी म्हणाली, "बाच्या जागेवर निजू का? पोराचे पाय गार पडतात."

"ती जागा माणसाची हाय."

"माणूस कुठं हाय?"

सोमी भांडी उगाच इकडची तिकडे करत राहिली.

दोन-चार दिवसांनी जावई, लक्ष्या, पोर बघायला आला. तो जंगलात ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर कामाला होता. येताना पाटीभर कोळसा घेऊन आला. "धूर नाय, काय नाय," तो म्हणाला, "पोराचे डोळे चुरचुरणार नाय." आणि कामावर परत गेला.

सोमीला देव पावल्यासारखं झालं. जागाही द्यायला नको आणि पोरही उबेत राहील. तिने ओंडका बाहेर काढला, आगटी कोळशाने भरली. धूरच नाही तर धुराची वाट कशाला? वळचणीखाली पेंढा कोंबला, कूड वरपर्यंत सारवला, दाराला गोणपाट लावलं. एवढी राबली, पण घोंगडी बोटभर सरकवली नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

तिन्हीसांजेला झोपडी खरंच उबदार झाली. भिकी पोराला कुशीत घेऊन झोपली. सोमीचं डोकं जड झालं, तिला वाटलं, कामाचा शीण. लाल निखाऱ्यांच्या उजेडात ती कणग्याकडे बघत बसली. घोंगडीत गुरफटून कुणीतरी पाठ करून निजलंय, असं तिला वाटायला लागलं. सुक्या असाच निजायचा. हाक मारावी, नाहीतर नुसतं बघत राहावं. किती वर्षांनी तो असा जवळ होता! तिला तिथून उठायचंच नव्हतं.

कोपऱ्यात पाटीखाली कोंबडी होती. तिची मान पाटीबाहेर लोळत पडलेली सोमीला दिसली.

"भिकी!" उत्तर नाही. सोमी उठायला गेली तर पाय लटपटले. ती रांगतच दाराशी गेली, गोणपाट ओरबाडून काढलं, दार ढकललं, आधी पोराला आणि मग भिकीला फरफटत अंगणात आणलं. भिकीला भडाभडा ओकारी झाली. पोर मात्र गप्प. सोमीने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, देवाला शिव्या घातल्या. तुळशी धावत आली. तेव्हा कुठे पोराने टाहो फोडला, आणि सोमी मटकन खाली बसून त्याच्याहून मोठ्याने रडली.

मग ती आत गेली. पेंढा उपसला, वरचा कूड हातांनी फोडला आणि आगटीतला सगळा विस्तव अंगणात नेऊन पाण्याने विझवला. सुक्याने सांभाळायला सांगितलेला विस्तव होता तो. सगळ्या पाड्याला निखारे देणारी सोमी त्या संध्याकाळी खापर घेऊन तुळशीच्या दारात उभी राहिली. तुळशीने चुलीतला सगळ्यात मोठा निखारा उचलून दिला.

ऐनाचा ओंडका पुन्हा पेटला. आता दार काही गच्च लावायचं नव्हतं. वारं सरळ आत येत होतं, आणि ते न पोचणारी जागा घरात एकच होती.

सोमीने घोंगडी उलगडली, कणग्याशी अंथरली आणि पोराला तिच्यावर ठेवलं. शेजारी भिकीला निजवलं.

"आणि बा आला तर?" भिकीने हळूच विचारलं.

सोमीने आपली गोधडी उघड्या दाराशी ओढली.

"आला तर दारातच भेटंल मना," ती म्हणाली आणि वाऱ्याकडे तोंड करून आडवी झाली.