मामांचा दगडी खेकडा

निजामाच्या अख्ख्या मुलखात समुद्र न बघता समुद्रात बुडालेला माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा सासरा झाला. जालन्याच्या शाळेत मामा भूगोल, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेत जुगराफिया, शिकवायचे. तासाची सुरुवात कुठल्याही देशापासून होवो, घंटा होईस्तोवर पोरं समुद्राच्या तळाला पोचलेली असायची. तिथं काळोखात राहणारं खेकड्यांचं एक कूळ आहे, त्यावर मामांचा भलताच जीव. त्या कुळातला, कोट्यवधी वर्षांमागं दगड झालेला एक पूर्वज त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून पैदा केला होता. तो बैठकीत मखमलीवर बसायचा, पाहुणे सतरंजीवर. कुणी बाई कुंडलिका नदीचे खेकडे विकायला दारात आली, की मामा हात जोडायचे, "बाई, घरात वडीलधारं माणूस हाय. त्याच्यासमोर न्हाई."

त्यांच्या शांताला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एकच प्रश्न विचारत. त्यापायी चांगली चांगली स्थळं चपला घालून निघून गेली होती, आणि सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. मी तीर्थपुरीहून आईला घेऊन गेलो. शांतानं पोहे ठेवले आणि जाता जाता त्या खेकड्यावरची धूळ पदरानं इतक्या मायेनं पुसली, की मी तिथंच गार झालो. लग्न करीन तर हिच्याशीच!

तेवढ्यात मामांनी दगड माझ्या हातात ठेवला. "सांगा पाव्हणं, ह्याचे मागचे पाय पाठीवर का वळलेत?"

"ऊठ," आई कानात पुटपुटली, "ह्या घरात शहाणं कुणी न्हाई."

दारामागं बांगड्या वाजायच्या थांबल्या. मला दरदरून घाम फुटला. खेकडा मी फक्त कालवणात बघितलेला! पण ते पाय बघून मला आमचं शेत आठवलं.

"काहीतरी डोईवर धरत असंल, मास्तर. पावसात आम्ही पोतं धरतो तसं."

मामा ताडकन उठले. "अगं ऐकलं का? कसं बोलून राह्यलं पोरगं! बराबर, बिलकुल बराबर! स्पंज न्हाईतर शिंपला धरून फिरतो हा, शत्रूला दिसू नये म्हून. पाठीवरचं कवाच गेलं, पाय तेवढे तसेच राह्यले." आईला काही कळायच्या आत त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली. तिचा राग उतरायला पुढं वर्ष गेलं.

लग्न होऊन आम्ही निघालो तेव्हा ऊन रणरणत होतं. सासूबाईंनी शांताची ओटी भरली, तर मामांनी नारळाशेजारी तो खेकडाच ठेवला. मग आपलं उपरणं दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरून ते बैलगाडीपर्यंत आले.

गाडी वळणावर गेली तेव्हा शांतानं मागं बघितलं, म्हणून मीही बघितलं. मामा भर रस्त्यात तसेच उभे होते. दोन्ही हात वर, उपरणं ताणलेलं, आणि खाली कुणी नव्हतं.