कोणाच्या शुभहस्ते

देविदास राठोडला कचेरीत सगळे 'चांदणी' म्हणत, आणि त्याला राग येण्याऐवजी बढती मिळाल्यासारखं वाटे. कचेरी हिंगोलीतली. कोणती ते विचारू नका, आतून सगळ्या सारख्याच. तिथं तो कंत्राटावर होता. गावोगावचे ग्रामसेवक कचेरीच्या वेबसाइटवर बातम्या भरत, त्यासाठी लागणाऱ्या फॉर्मचे साचे तो बनवी. कोणता रकाना आधी, कोणता नंतर, कशात किती अक्षरं मावतील, हे सगळं त्याच्या हातात. जो रकाना भरल्यावाचून सुटकाच नाही, त्याच्यापुढे तो लाल चांदणी लावी.

या चांदण्या अशाच उगवल्या नव्हत्या. एकदा कुठल्याशा समाजमंदिराच्या बातमीत साहेबांचं नाव राहून गेलं. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी देविदासच्या कंत्राटाचा कागद टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला नुसता सरकवला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथं शब्दाचाही खर्च झाला नाही. त्याच दुपारी साच्यात नवा रकाना आला: 'कोणाच्या शुभहस्ते'. पुढे चांदणी. मग 'प्रमुख उपस्थिती', चांदणी. 'फोटो, किमान पाच जण दिसावेत', चांदणी. ग्रामसेवक बेरकी. ते सगळीकडे 'निरंक' लिहून मोकळे होऊ लागले, तेव्हा देविदासनं साच्याला 'निरंक' नाकारायला शिकवलं. मथळासुद्धा साच्यातूनच आपोआप निघे आणि फोटोसकट गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाई.

तेव्हापासून जिल्ह्यात पाहुण्याच्या हाताशिवाय काही घडेनासं झालं. नळाची तोटी बदलली तरी नारळ फुटायचा. एका गावात मोकाट कुत्री पकडण्याच्या मोहिमेची फीत कापली, फक्त कुत्री फोटोला थांबली नाहीत. साहेबांचा चेहरा ज्यात नाही अशी एकही बातमी उरली नाही. देविदासला वाटे, साचा असावा तर असा.

आणि मग डोंगरकड्याकडच्या धर्मसिंग तांड्यावरच्या विहिरीचं पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य निघालं.

हा देविदासचाच तांडा. त्याची आई पारुबाई तिथंच राहायची. पुजा नावाची तिथली आशाताई घरोघर सांगून आली, तशी म्हातारी लांबच्या बोअरवरून घागर आणू लागली. पण सगळ्यांना तोंडी सांगणं पुजाच्या एकटीनं होणारं नव्हतं. तिनं देविदासला फोन लावला.

"दादा, हळदीच्या कामाला बाहेरगावचे मजूर येऊन राहिले. ते त्याच विहिरीवर पाणी भरतील. आजच्या आज ग्रुपवर टाका."

"आत्ता टाकतो," देविदास म्हणाला आणि बसला. 'या विहिरीचे पाणी पिऊ नये' एवढं लिहून त्यानं सेव्ह दाबलं. साच्यानं विचारलं, कोणाच्या शुभहस्ते? त्यानं 'निरंक' लिहिलं. साच्यानं ते नाकारलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

चांदणी काढायला एक टिचकी पुरली असती. पण कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि बोट धजेना. तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, एवढ्यापुरती चांदणी काढतो."

"आज विहिरीसाठी काढशील, उद्या कुणी माझं नाव गाळायला काढील," साहेब म्हणाले. "फॉर्म कशाला मोडायचा? मी येतो ना. नारळ घे बरोबर."

तांडा हळदीच्या वावरात गेला होता. विहिरीच्या काठाला फीत बांधली. साहेब, दोन कारकून, शिपाई आणि ड्रायव्हर, असे पाच जण जमले. साहेबांनी फीत कापली, नारळ फोडला आणि फोटोपुरते हसले. फॉर्ममध्ये 'कामाचा प्रकार' निवडायचा होता. यादीत रस्ता, विहीर, सभागृह एवढंच. देविदासनं विहीर निवडली. मथळा निघाला: 'धर्मसिंग तांडा येथे मा. साहेबांच्या शुभहस्ते विहिरीचा कार्यक्रम उत्साहात संपन्न'. पाणी पिऊ नये, हे शेवटच्या 'इतर माहिती'त बसलं. ते वेबसाइटवर 'अधिक वाचा' दाबल्यावर दिसायचं, ग्रुपवर जायचंच नाही. देविदासला हे ठाऊक होतं. मनात टोचलंही. पण बातमी लागली ना, असं म्हणून त्यानं चहा मागवला.

दोन दिवसांनी पुजाचा पुन्हा फोन आला. पारुबाईला उलट्या-जुलाब होत होते, दवाखान्यात आणलं होतं. देविदास धावत गेला. म्हातारीच्या हाताला सलाइन लावलेली, डोळे खोल गेलेले.

"याडी, पुजानं सांगितलं व्हतं ना?" आईला तांड्यावर याडीच म्हणतात. "मग काहून पिलीस?"

"सांगितलं व्हतं की. पर शेजारच्या मिनानं मोबाइलात फोटू दाखवला. तुझा साहेब, नारळ, फीत. म्हणलं, माझ्या लेकानं हिर बराबर करून घेतली. लई लांबून आणत व्हते रं पाणी. मंग पैली घागर मीच भरली. मजुरायलाबी बोलावून पाजलं. माझ्या देविदासनं केलं, म्हणून सांगितलं समद्यायला."

देविदासला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिथंच, खाटेच्या कडेला बसून, त्यानं मोबाइलवर साचा उघडला, सगळ्या चांदण्या काढल्या आणि एकच ओळ सगळ्या ग्रुपवर धाडली: 'धर्मसिंग तांड्याच्या विहिरीचे पाणी पिऊ नका.'

थोड्याच वेळात साहेबांचा फोन आला.

"अरे, हे काय टाकलंस? नाव नाही, फोटो नाही! कोणाच्या हस्ते, लोकांना कळायला नको?"

आईच्या पलीकडच्या खाटांवर हळदीचे मजूर पडून होते. त्यांच्यातल्या एकाची बायको परातीत ओकारी झेलत होती.

"नाव टाकायचंच असेल तर माझं टाकतो, साहेब," देविदास म्हणाला. "हे पाणी यांच्या पोटात माझ्याच हातानं गेलंय."