नसीमबानूची सुरगाठ

बिबवेवाडीत कुणाकडे डोहाळजेवण असो की साखरपुडा, हिरव्या बांगड्या भरायला बोलावणं जातं ते नसीमबानूला. दुकानात काय बांगड्या मिळत नाहीत? ढिगाने मिळतात. पण दुकानातला पोरगा हात असा दाबतो की बाईच्या डोळ्यांत पाणी यावं, आणि वर तिलाच ऐकवतो की साबण लावून यायचं होतं. नसीमबानूच्या हातून बांगडी कधी चढली ते कळतसुद्धा नाही. ती मणियारांची लेक. बाप खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून पेठा पालथ्या घालायचा आणि संध्याकाळी घरी आला की माळेतली एक बांगडी पिचलेली निघायची नाही.

त्याची रीत साधी होती. काचेला घट्ट आवळायचं नाही. तिच्या अंगाला सूत लागलं पाहिजे, चिंधी लागली पाहिजे आणि जरा झुलायला जागा पाहिजे. माळेला गाठ मारायची ती सुरगाठ. एका हातात गिऱ्हाइकाचं मनगट असतं, तेव्हा दुसऱ्या हाताने शेपूट ओढलं की गाठ सुटून बांगड्या मांडीत आल्या पाहिजेत. नसीमबानूने ती गाठ इतक्या लहानपणी उचलली की आपण ती कधी शिकलो हे तिला आठवतही नाही.

लग्न झालं ते नासिरशी. नासिर वायरमन, हिंदुरावांकडे कामाला. हिंदुराव शहराने गिळलेल्या एका गावचे. जमीन गेली आणि अंगणात जेसीबी आला. आज पुण्यात जिथे म्हणून रस्ता खणलेला दिसेल, तिथे कुठे ना कुठे हिंदुरावांचा हात असतोच. खणलेल्या रस्त्याच्या कडेला लावायला आता सगळीकडे प्लास्टिकचे न फुटणारे दिवे आलेत, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. त्यांच्या गोदामात जुने दिवे पडून होते, खाली बॅटरीचा पत्र्याचा डबा, वर जाड पिवळी काच, आत लुकलुकणारा बल्ब, आणि ते संपेपर्यंत नवे आणायचे नाहीत असा त्यांचा बाणा होता.

आणि दिवे काही टिकेनात. टेम्पोतून उतरवताना फुटत, डंपर शेजारून धडधडत गेला की फुटत, आणि काच वाचलीच तर आतल्या बल्बची तार तुटून दिवा आंधळा व्हायचा. हिंदुराव म्हणायचे, काच हाय ती, फुटणारच. एकदा नासिरने असे मेलेले दिवे पोत्यात भरून घरी आणले. नसीमबानूने एक उघडून पाहिला आणि तिला रागच आला. बल्बचा होल्डर पत्र्याला असा करकचून आवळलेला, की रस्ता हादरला की पत्रा हादरणार आणि पत्रा हादरला की बल्ब. अहो, काचेला असं कोणी बांधतं का?

तिने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, डब्याच्या चार कोपऱ्यांतून ओवल्या आणि होल्डर मधोमध टांगला. बाहेरच्या काचेवर सुतळीची जाळी विणून घातली. तो दिवा नासिरने टेम्पोत मुद्दाम आदळत नेला, तरी पेटला. तेव्हापासून हिंदुरावांचे सगळे दिवे तिच्या हातून जायला लागले. तिला फक्त एक गोष्ट नव्याने शिकावी लागली, ती म्हणजे निरगाठ. इथे गाठ सुटून चालणार नव्हतं. पट्टी ओढायची, दोनदा फिरवायची, दातांत धरून आवळायची. पण खरं सांगायचं तर ती गाठ तिच्या हातात कधी मुरली नाही. दर वेळी लक्ष देऊन मारावी लागायची.

आणि त्या सकाळी नेमकं लक्षच नव्हतं.

लक्ष होतं मेहनाजकडे. मेहनाज तिची एकुलती एक. सदाशिव पेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते, आणि महिन्यापूर्वी तिने स्कूटर घेतली होती. आईच्या जिवाला तेव्हापासून घोर. त्या सकाळी नसीमबानू मांडीवर दिवे घेऊन बसली होती, नासिर ते न्यायला दारात खोळंबला होता आणि मेहनाज हेल्मेट काखेत मारून निघाली होती. आई म्हणाली, हेल्मेट डोक्यात घालायचं असतं. पोरगी म्हणाली, रस्त्यावर गेल्यावर घालते. त्यावरून सुरू झालं ते परवा सिग्नल कसा तोडलास, तुला कोणी सांगितलं, शेजारचे काय माझे पहारेकरी आहेत का, इथपर्यंत गेलं. नसीमबानूचं तोंड चालू होतं आणि हातही चालू होते. शेवटी मेहनाज फणकाऱ्याने म्हणाली, "अम्मी, तुला सारखं वाटतं मी पडणार. मी पडले नाही, तुझ्या बोलण्याने पाडशील एक दिवस." आणि खुदा हाफिज न म्हणता निघून गेली. नासिर दिवे उचलून टेम्पोकडे गेला. काच तडकलेला एक तेवढा घरी राहिला. 

संध्याकाळची, मगरिबची नमाज पढून ती उठली, तोच समोरच्या प्रेमलावहिनी आल्या. सुनेचं, शेफालीचं, डोहाळजेवण दोन दिवसांवर आलेलं. म्हणाल्या, आधी माझ्या हातात भरा, तिच्या वेळी बायकांची गर्दी होईल. नसीमबानूने खाटेखालची हिरवी माळ काढली. डाव्या हातात वहिनींचं मनगट धरलं आणि उजव्याने सुताचं शेपूट ओढलं. सळ्‌कन गाठ सुटली आणि बांगड्या मांडीत आल्या.

"एका ओढीत सुटते हो तुमची गाठ," प्रेमलावहिनी कौतुकाने म्हणाल्या.

नसीमबानूचा हात जागच्या जागी थांबला. एका ओढीत. सकाळी दिव्यांच्या पट्ट्या तिने दातांत धरल्या होत्या का? तोंड तर भांडणात गुंतलं होतं. दात कुठून लागणार? तिने मांडीवरच्या बांगड्या तशाच खाटेवर टाकल्या आणि कोपऱ्यातला तो तडकलेला दिवा उचलला. मागचं झाकण काढलं. वरवर सगळं ठीक दिसत होतं. तिने दिवा दोन्ही हातांत धरून हलवला, डंपर जाताना हलावा तसा. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक पट्टी सरकली. मग दुसरी. होल्डर कलंडला आणि बल्ब पत्र्यावर आपटून टिचला.

 बापाची सुरगाठ. सगळ्या दिव्यांना तिने सुरगाठ मारली होती.

तिने नासिरला फोन लावला. तो हिंजवडीच्या कामावरून निघाला होता आणि कंपन्यांच्या बसगाड्यांत अडकून पडला होता. आजचे दिवे कुठे लावले, एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, आपल्याच इथे, उताराच्या रस्त्यावर, ड्रेनेजच्या चरीला. आज खणताना पथदिव्यांची केबल तुटली, त्यामुळे तिथे मिट्ट काळोख आहे, पण काळजी नको, तुझे दिवे आहेत ना.

"अहो, माझे दिवे नाहीत तिथे," ती म्हणाली. "मी गाठी चुकवल्यात. मेहनाज त्याच रस्त्याने येते."

 नासिर म्हणाला की मी येतोय, पण गाडी हलत नाहीये, तू पुढे हो. नसीमबानूने मेहनाजला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावायला बोट उचललं आणि तिथेच थांबलं. पोरगी गाडीवर असेल. फोन वाजतोय म्हणून एक हात खिशात घालेल, मान खाली घालेल, आणि नेमकी तेव्हा चरीपाशी असेल. तिने फोन ओढणीच्या टोकात बांधला आणि चप्पल पायात सरकवून निघाली. प्रेमलावहिनी मागून काय झालं म्हणून विचारत राहिल्या.

पन्नाशीच्या बाईने पळू नये असं काही नाही, पण तिला पळायची सवय नव्हती. ऊर धपापायला लागला. वाटेत भाजीवाली, इस्त्रीवाला, क्लासला निघालेली पोरं, सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या मनात सकाळचं एकच वाक्य फिरत होतं. तुझ्या बोलण्याने पाडशील. बोलण्याने नाही गं बाई, हाताने पाडलं की मी. 

ती उताराच्या रस्त्याला वळली. चर रस्त्याच्या जवळजवळ मध्यापर्यंत आलेली, माणूस उभा मावेल इतकी खोल, आणि तळाशी सिमेंटचे पाइप. कडेला तिचे दिवे ओळीने ठेवलेले, सगळे विझलेले. पार खालच्या टोकाला एक तेवढा लुकलुकत होता, तोही मेल्यासारखा. आणि वरच्या तोंडाशी, जिथून गाड्या उतारावरून सुसाट येतात, तिथलं पत्र्याचं बॅरिकेड कोणीतरी स्वतःची मोटार काढायला बाजूला सरकवलं होतं. ते परत जागेवर लावायचं असतं हे त्या महाभागाला कोणी शिकवलं नसावं.

तिने बॅरिकेड ओढून पाहिलं. हललं नाही. फिरायला निघालेल्या एका सद्गृहस्थांना तिने हात लावायची विनंती केली. त्यांनी चरीत वाकून पाहिलं, परिस्थिती गंभीर असल्याचं सांगितलं, ॲपवर फोटोसकट तक्रार टाका असा सल्ला दिला आणि पुढे गेले. अशा माणसांना काय म्हणावं!

मग ती खालच्या टोकाला धावली आणि तो एक जिवंत दिवा उचलून वर आणला. आणतानाच आतला होल्डर कलंडला, तारेचा जोड ढिला पडला आणि दिवा विझला. तिने मागचं झाकण काढून आत बोटं घातली, होल्डर चाचपला, वर उचलून धरला. पेटला. सोडला की विझायचा. गाठ मारायची म्हणजे दोन्ही हात हवेत, आणि तेवढा वेळ काळोख. वरून तर एकामागून एक गाड्या येत होत्या. शेवटी ती चरीच्या तोंडाशी, सरकवलेल्या बॅरिकेडच्या जागी स्वतःच उभी राहिली. एका हाताने डबा छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं आत, बल्बच्या बुडाशी. मागे हातभर अंतरावर चर होती.

पहिली मोटरसायकल अगदी जवळ येऊन वळली. चालवणारा ओरडला, मरायचंय का म्हणून.  मग रिक्षा, मग मोटार. प्रत्येक उजेड थेट अंगावर यायचा, आणि तो वळेपर्यंत ती डबा घट्ट धरून उभी राहायची. बल्ब तापत चालला होता. बोटं पोळायला लागली, बदलावीत तर दिवा विझणार. पाण्याचा टँकर घरघरत गेला तेव्हा पायाखालची माती थोडी ढासळली. टाच चरीच्या बाजूला घसरली आणि ती कशीबशी सावरली. भीती तिला वाटत होती, खूप वाटत होती. या अल्ला, तिला हळू येऊ दे, एवढंच ती पुटपुटत होती.

आणि मग तो आवाज आला. स्कूटरचा आवाज आईला ओळखता येतो का, असं कोणी विचारेल. महिनाभर रोज संध्याकाळी खिडकीशी कान लावून बसलेल्या बाईला येतो. उतारावरून एकच दिवा येत होता, वेगात, सरळ तिच्या दिशेने. नसीमबानूने डबा डोक्यावर उचलून धरला. येणारा उजेड वाढला, आणखी वाढला. मग ब्रेक लागल्याचा आवाज झाला, चाक खडीवर जरासं घसरलं आणि गाडी हळू झाली. मेहनाज अगदी जवळून, ओढणीचं टोक लागेल इतक्या जवळून, वळसा घालून निघाली. हेल्मेट डोक्यात होतं.

तिचं नाव नसीमबानूच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. हाक मारली असती तर पोरीने मान वळवली असती, आणि पुढे चरीची कड संपायला अजून बरंच अंतर होतं. मेहनाजला पिवळ्या उजेडामागे कोण आहे ते दिसलं नाही. ती कडेकडेने पुढे गेली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे नसीमबानूच्या डोळ्यांना धार लागली. पण जागा तिला सोडता येत नव्हती, कारण वरून दुसऱ्या कुणाची तरी मुलं येतच होती.

नासिर टेम्पो घेऊन पोचला तोवर तिचे दोन्ही हात बधिर झाले होते. त्याने आधी बॅरिकेड जागेवर ओढलं, मग तिच्या हातातून दिवा सोडवला. बोटांवर टरारलेले फोड त्याने पाहिले. टेम्पोच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला बसून, त्याच बोटांनी तिने सगळ्या दिव्यांच्या पट्ट्या नव्याने बांधल्या. नासिरने नवे बल्ब घातले. एकेक गाठ ती दातांत धरून आवळत होती. ओळ पूर्ण लुकलुकायला लागल्यावरच ती टेम्पोत चढली.

घरी मेहनाज जेवायला बसली होती. सकाळचा राग तिच्या चेहऱ्यावर थोडा शिल्लक होता. खाटेवर हिरव्या बांगड्या तशाच पसरलेल्या. नसीमबानूने पोळलेला उजवा हात ओढणीखाली घेतला आणि पातेल्यातलं वरण वाढायला डाव्या हाताने पळी उचलली.

मेहनाज ताटातून मान वर न करता म्हणाली, "अम्मी, अब्बूंना सांग. त्या चरीपाशी आज एकच दिवा होता, आणि तोसुद्धा थरथरत होता. मी ब्रेक मारला म्हणून बरं. हिंदुरावांची माणसं दिवे नीट लावत नाहीत."

नासिर दारात चपला काढत होता, तो तसाच वाकलेला राहिला. नसीमबानूने लेकीच्या ताटात वरण वाढलं, वरून तूप सोडलं.

"सांगते," ती म्हणाली. "तू जेव पोटभर."