कडबाकुट्टीचा देव

गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीला बिल्डरने एका इटालियन गावाचं नाव दिलं आहे. ते धड उच्चारता येणारा माणूस आमच्या टॉवरमध्ये तरी नाही. कॅबवाल्याला आम्ही सरळ ‘दारूच्या ठेक्यासमोर’ असं सांगतो, तो बरोबर येतो.

बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत लिहिलं होतं की इथे पूर्वी काहीच नव्हतं. काहीच म्हणजे गहू, मोहरी, बाजरी आणि ती पिकवणारं एक अख्खं गाव. गाव अजूनही आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे. आमच्या कामवाल्या, भाजी, दूध सगळं तिथूनच येतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर गावाचा विषय निघतो तो फक्त डास वाढले की.

त्या शेतांतलं एकच झाड आमच्या भिंतीच्या आत उरलं होतं. मोठा कडुनिंब, आणि त्याच्या बुंध्याशी अर्धा गाडलेला दगड. दिल्लीतल्या मयूर विहारचा तळमजल्यावरचा फ्लॅट विकून आम्ही इथे अठराव्या मजल्यावर आलो, तेव्हापासून सासूबाई संध्याकाळी त्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. वर बाल्कनीत त्यांना गरगरायचं. क्लबहाऊसमध्ये एसी इतका की शाल लागायची. एवढ्या महागड्या सोसायटीत त्यांना बसायला जागा अशी ती तेवढीच होती, आणि आपणच त्यांना इथे आणलं याचं मला वाईट वाटायचं.

मग कमिटीला नेमकं तिथेच पिकलबॉलचं कोर्ट हवं झालं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त बडे अधिकारी. हाताखाली फक्त माळी आणि गार्ड उरले असले तरी आवाज अजून खात्याचाच. ते सासूबाईंना म्हणाले, “आंटीजी, ग्रीनरी हम कहीं और दे देंगे. गमले लगवा देंगे.”

“अच्छा,” म्हणून सासूबाई वर आल्या.

दुसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर फासलेला होता. वर झेंडूची माळ, पुढे नारळ.

“आई, हा देव कुठला?”

“कुठला काय? आमच्या गावाकडे असल्या दगडावर चारा कापायची कडबाकुट्टी बसवायचे. ही बघ बोल्टांची भोकं.”

“मग शेंदूर?”

“अगं, झाडाला इथे विचारतंय कोण? देवाला मात्र हात लावायला घाबरतील.”

घाबरले की. आठवडाभरात उदबत्त्या आल्या. मंगळवारी रांग लागायला लागली. नवी गाडी घेतली की पहिली चक्कर दगडाकडे. बोल्टांची भोकं म्हणजे देवाचे डोळे आहेत, असा शोध कमिटीतल्या एका आयटीवाल्या मेंबरने लावला. कोर्ट जिमच्या मागे गेलं. सासूबाई झाडाखाली बसून आल्यागेल्याला प्रसाद वाटायच्या आणि घरी येऊन पोट धरून हसायच्या. मीही हसायचे.

पण इतका जागृत देव उघड्यावर ठेवणं कमिटीला शोभेना. संगमरवरी मंदिर ठरलं. वास्तुवाले बोलावले. त्यांनी सांगितलं, मुळं पायाला नडतील आणि पाला संगमरवरावर पडेल. झाड काढायचं ठरलं.

सासूबाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. “ये भगवान नहीं है जी. रंग मैंने लगाया था, पेड़ बचाने के लिए.”

अध्यक्षांनी हात जोडले. “आंटीजी, निमित्त तो कोई बनता ही है.” टाळ्या पडल्या.

झाड दुपारभरात पडलं. उद्घाटनाला गावातल्या म्हाताऱ्या चौधरींना बोलावलं. ही जमीन एके काळी त्यांची होती. आता त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणाहीपेक्षा मोठी गाडी आहे. त्यांनी देवाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “यो तो म्हारी चारा मशीन का पत्थर सै.”

लोक हसले. गावाकडची माणसं किती साधी असतात, असं माझी शेजारीण कौतुकाने म्हणाली.

“और नीम कित गया? बापू ने लगाया था, भैंसों की छाया खातर.”

अध्यक्षांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि पाटीवरचा पडदा ओढायला सांगितलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘प्राचीन मंदिर’. पुस्तिकेतलं ‘काहीच नव्हतं’ तेवढ्यात पुराणकाळापर्यंत जाऊन पोचलं.

त्याच कार्यक्रमात देव शोधून काढल्याबद्दल सासूबाईंचा सत्कार झाला. त्या नको नको म्हणत होत्या, तरी अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर चांगली जाड शाल घातली. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्यामुळे गेलं गं ते झाड.”

मंदिराच्या आवारात खुर्ची टाकायला मनाई आहे. सासूबाई आता संध्याकाळी ती शाल पांघरून क्लबहाऊसच्या एसीत बसतात.